कोर्टात उधळलेला भंडारा

आमच्या घरात तेव्हा सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि संध्याकाळी ज्वारीची भाकरी, एवढंच ठरलेलं असायचं. भाकरीबरोबर काय, हे कोडं आई रोज नव्यानं सोडवायची. कधी ठेचा, कधी रानातली तांदुळजाची भाजी, कधी नुसतं मीठ. कर्जत तालुक्यात पावसाचा भरवसा कुणीच धरत नसे, त्यामुळं अर्धपोटी राहण्याचं आम्हाला फार नवल नव्हतं. आमचं दुःख जरा वेगळं होतं. आमच्या बांधाला लागून विहीर होती, विहिरीत पाणी होतं, आणि ते आमचेच भाऊबंद आम्हाला घेऊ देत नव्हते.

विहीर माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं मिळून खोदलेली. ज्याची जशी मेहनत आणि जसा खर्च, तसे वाटे ठरले. थोरल्या घराचे बारा आणे, आमचे चार आणे. म्हणजे तीन दिवस मोट त्यांची आणि चौथ्या दिवशी आमची. कागद केला नाही. गावच्या खंडोबाच्या देवळात पंचांसमोर दोघा भावांनी बेल-भंडार उचलला. बेलाचं पान आणि देवाची हळद, म्हणजे भंडारा, हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची आमच्याकडं कुणाची छाती होत नसे. मग कागदाची आठवण कुणाला येणार? सातबाऱ्यावर विहीर थोरल्या घराच्याच नावानं राहून गेली.

पुढं थोरल्या घराचा कारभार वडिलांच्या चुलतभावाकडं आला. मी त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पांनी मोट मोडली आणि विहिरीवर ऑईल इंजिन बसवलं. इंजिनाला चौथा दिवस कळत नव्हता. ते रोजच पाणी उपसायचं. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू, विचारायला गेले तर आप्पा इंजिनाचं तेल पुसत म्हणाले, "कसला हिस्सा? कागद दाव की."

तात्या तसेच परत आले. आईनं कांद्याचं रोप टाकलेलं होतं, ते ती घागरीनं पाणी घालून जगवत होती. मग घागरीलाही बंदी झाली. वाफ्यात रोप माना टाकत होतं आणि पलीकडं आप्पांच्या उसात पाटाचं पाणी खळखळत होतं. आई त्या बाजूला तोंड करून बसत नसे.

मी त्या वेळी नगरला कॉलेजात होतो. वसतिगृहाच्या खानावळीत वाढप्याचं काम करून शिकत होतो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो, आणि ते मी कष्टानं झालो, हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही, उलट बरंच वाटतं. निकाल लागला तसा मी एस.टी.नं गावाकडं आलो. आई चुलीपुढं होती. मी म्हणालो, "आई, मी बी.ए. झालो."

तिनं माझ्याकडं बघितलं, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाली, "मंग आता हिरीचं बघ."

दावा करायचा हट्ट माझाच. तात्यांच्या मनात नव्हतं. ते म्हणायचे, "देवाम्होरं ठरल्यालं कोर्टात कशाला न्यायचं? देव काय आंधळा हाय का?" मी म्हणायचो, "देव आंधळा न्हाई तात्या, पर आप्पांचं इंजिन त्येला ऐकू येईना." शेवटी ते तयार झाले. कर्जतच्या एका वकीलसाहेबांनी दावा लावून दिला. मग तारखा सुरू झाल्या. मधेच मोठा दुष्काळ पडला, विहिरीनंच तळ गाठला, आणि आमची दोन्ही घरं एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली, एकमेकांकडं पाठ करून. पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली, आप्पांचं इंजिन पुन्हा फटफटायला लागलं आणि आमचा दावाही पुढं सरकला. तात्यांची साक्ष झाली. त्यानंतरची तारीख आप्पांच्या साक्षीची होती.

त्या दिवशी मी तात्यांना घेऊन कर्जतला गेलो. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि कमरेला नेहमीची छोटी कापडी पिशवी खोचली होती. त्या पिशवीत भंडारा असायचा. शेतावर जाताना, बैल जुंपताना, कपाळाला चिमूटभर लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. ती पिशवी घरी ठेवा असं सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. ती त्यांच्या अंगाचाच भाग होती.

कोर्ट कौलारू इमारतीत भरायचं. उंचावर न्यायाधीशसाहेबांचं टेबल, समोर कारकून, एका बाजूला साक्षीदाराचा पिंजरा, आणि वर छताचा एक पंखा. साहेब तरुण होते, चष्म्याचे, कमी बोलणारे. आप्पा पिंजऱ्यात उभे राहिले आणि ईश्वराला स्मरून खरं सांगेन, अशी शपथ त्यांनी एका दमात म्हणून टाकली. त्यांच्या वकिलाचे प्रश्न आटोपल्यावर आमच्या वकीलसाहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"या विहिरीत वादीचा चार आणे हिस्सा आहे, हे खरं आहे ना?"

"न्हाई साहेब. हीर आमच्या एकट्याची हाय."

"देवळात पंचांसमोर वाटे ठरले, बेल-भंडार उचलला, हे तरी ठाऊक आहे ना?"

"असलं काय झाल्याचं मला ठावं न्हाई."

माझ्या शेजारी तात्या बाकावर बसले होते. त्यांचा श्वास बदलल्याचं मला कळलं, पण मी हात धरायच्या आत ते उठले. बाकाच्या पुढं लाकडी कठडा होता, त्याचं फाटक ढकलून ते सरळ पिंजऱ्यापाशी गेले. कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर भंडारा आप्पांच्या पुढं धरला.

"उचल! बेल नसंना का, नुसता भंडारा उचल, आन मग बोल ठावं न्हाई म्हनून!"

आप्पा मागं सरकले. त्यांचा हात वर येईना. तात्यांचा संताप इतका झाला की त्यांनी ती मूठ तशीच आप्पांच्या अंगावर उधळली. थोडा भंडारा आप्पांच्या टोपीवर पडला. बाकीचा पंख्याच्या वाऱ्यात सापडला. काय होतंय हे कळायच्या आत साहेबांचं टेबल, त्यांच्यासमोरचे कागद, काळा कोट, गळ्यातले पांढरे बँड, सगळ्यावर पिवळी धूळ बसली. साहेबांच्या चष्म्याची एक काच पूर्ण पिवळी झाली.

"काय चाललंय हे? बाहेर काढा याला!" साहेब ओरडले.

इथं तरी तात्यांनी गप्प बसावं की नाही? ते साहेबांकडं वळले. "मला कशाला भायेर काढताय? खोटं त्यो बोलतोय, आन तुमी त्ये लिहून घेताय! असलं कोर्ट काय कामाचं?"

कारकुनाची लेखणी थांबली. पंखा तेवढा फिरत होता. साहेबांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात हवालदाराला सांगितलं की या माणसाला ताब्यात घ्या. मग कारकुनाला मजकूर सांगितला. कोर्टाचं काम चालू असताना अडथळा आणला, न्यायासनाच्या दिशेनं पूड फेकली, अपमानाचे उद्गार काढले. "आज कोर्ट उठायच्या आत याचा निकाल लावतो," असं म्हणून साहेब हातपाय धुवायला आत गेले.

हवालदारानं तात्यांना व्हरांड्यात नेऊन बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला. मी वकीलसाहेबांच्या मागं धावलो. ते वकिलांच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले, दोन्ही हातांनी डोकं धरलं, आणि त्यांना हसू फुटलं.

"अरे, तुझ्या तात्यानं साहेबांना हळद लावली! आता वरात कधी काढायची तेवढं सांग."

"वकीलसाहेब, चेष्टा नका करू. काय होईल त्यांचं?"

त्यांचं हसू गेलं. कपाटातून दोन जाड पुस्तकं काढून त्यांनी माझ्यासमोर टाकली. "तू बी.ए. ना? वाच."

इंग्रजी होतं. मी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. दंड संहितेचं कलम दोनशे अठ्ठावीस. न्यायाचं काम करत बसलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा जो हेतुपुरस्सर अपमान करील किंवा कामात हेतुपुरस्सर अडथळा आणील, त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या पुस्तकात त्याची रीत होती. गुन्हा कोर्टाच्या डोळ्यांसमोर घडला तर कोर्टाला त्याच दिवशी, उठायच्या आत, स्वतःच शिक्षा देता येते. पण मग दंड दोनशे रुपयांच्या वर नाही, आणि तो भरला नाही तर महिनाभर कैद. एवढ्यावर भागणार नाही असं कोर्टाला वाटलं, तर ते माणसाला दुसऱ्या मॅजिस्ट्रेटकडं पाठवतं. तिथं मग सहा महिन्यांचीही भीती.

"आणि सुटका?" मी विचारलं.

"खाली बघ. कोर्टाचं समाधान होईल अशी माफी मागितली तर सोडता येतं. साहेब माणूस वाईट नाहीत. माफी मागितली की सुटला." त्यांनी कागद ओढला आणि भराभर लिहून माझ्या हातात दिला. "यावर त्याचा अंगठा घे."

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी निम्मा जीव भांड्यात पडला. दोनशे रुपये आमच्या घरात कधी एका ठिकाणी बघितले नव्हते, म्हणजे दंड झाला तर कैद ठरलेलीच. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती. आणि त्याहून मोठी गोष्ट, तात्या तुरुंगात गेले असते तर गावात आप्पांनी आम्हाला मान वर करू दिली नसती. विहीरही मग गेल्यातच जमा होती. पण हा सगळा घोर एका अंगठ्यानं मिटणार, असं वाटून मी पळतच व्हरांड्यात गेलो.

तात्यांनी विचारलं, "काय लिवलंय ह्यात? वाच."

मी वाचलं. 'मी न्यायालयाचा अपमान करण्याच्या हेतूने न्यायासनावर भंडारा फेकला, याबद्दल मला पश्चात्ताप होत असून...'

"थांब," तात्या म्हणाले. "भंडारा टाकल्याची माफी?"

"व्हय."

"म्हंजे देवाचा भंडारा टाकनं वंगाळ झालं, असं म्या म्हनायचं?"

"तात्या, कागदावरचं हाय त्ये. अंगठा करा, घरी जाऊ."

"बी.ए. झालास म्हंजे देवाला इसारलास व्हय रं? म्या न्हाई करनार अंगठा. टाकू दे आत."

"आन आई? पेरनी?"

"तुजी आई बी म्हनंल, भंडाऱ्याची माफी मागू नगा."

हवालदार मधे पडला. "अहो तात्या, करा की सही. आत काय हुरडा पार्टी असते काय?"

"तुमी गप बसा हवालदार. तुमच्या घरी देव हायेत का न्हाईत?"

हवालदार खरंच गप्प बसला.

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. खूप राग आला होता मला. ज्या माणसाला सोडवायला मी धडपडत होतो तोच आडवा पडला होता. चिडूनच मी विचारलं, "पर साहेबांवर कशाला टाकायचा भंडारा?"

"साहेबांवर?" तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू वेडा मीच. "साहेबांवर कशाला टाकू? साहेबांनी काय आमच्या हिरीवर इंजिन बसवलंय? म्या त्या आप्प्यावर टाकला. त्यो पंखा फिरत हुता त्येला म्या काय करू?"

मला आत्ताच वाचलेला शब्द आठवला. हेतुपुरस्सर. पुस्तकातल्या कलमात तो शब्द दोनदा होता, आणि वकीलसाहेबांनी तोच हेतू माफीच्या कागदात आपल्या हातानं घालून दिला होता. म्हणजे तात्या जे करायला गेलेच नव्हते, तेच केल्याची कबुली त्यांनी द्यायची. मी शिकलो होतो म्हणून मला ते दिसलं, हे मी कशाला लपवू?

मी खोलीत परत गेलो आणि कागद वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवला. "यातला हेतू काढा. आणि भंडाराही काढा. आरडाओरडा केला, तोंडातून वाकडा शब्द गेला, त्याची माफी मागायला सांगतो त्यांना."

"तू मला कायदा शिकवतोस?"

"कायदा तुम्हीच शिकवा. फक्त माझ्या बापाकडून खोटं लिहून घेऊ नका. एक जण सकाळी पिंजऱ्यात उभा राहून बोललाय तेवढं पुरे."

मला वाटलं, आता हे वकीलपत्र तोंडावर फेकणार. त्यांनी कागद चुरगाळला. "बरं. तोंडीच बोला मग. पण साहेबांचं समाधान झालं नाही तर माझ्याकडं रडत यायचं नाही."

दुपारची सुट्टी संपल्यावर प्रकरण लगेच निघालं नाही. साहेबांनी दुसरीच दोन कामं घेतली. आम्ही व्हरांड्यात तसेच. तात्या डोळे मिटून बसले होते, मी उगाच येरझाऱ्या घालत होतो. आप्पा समोर लिंबाखाली उभे होते. त्यांनी अंग झटकलं होतं, पण टोपीवरचा पिवळा डाग तसाच होता, आणि येणारा-जाणारा माणूस तिकडं बघूनच पुढं जात होता.

ऊन उतरायला लागल्यावर पुकारा झाला. मला वाटत होतं, आता बोलायचं काम माझं. कलम, हेतू, पंखा, सगळं मनात नीट लावून ठेवलं होतं. तात्यांना समोर उभं केलं तसा मी कठड्यापाशी गेलो.

"साहेब, मला बोलायची परवानगी असावी."

साहेबांनी वर बघितलं. चष्मा धुतलेला होता, पण कोटाच्या बाहीवर पिवळेपणा होता. "तुम्ही कोण? वकील?"

"नाही साहेब. त्यांचा मुलगा. बी.ए. आहे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "अभिनंदन. खाली बसा. मला यांच्याकडून ऐकायचंय."

मी बसलो. माझे कान तापले होते, हे कबूल करतो. आणि आता सगळं तात्यांच्या जिभेवर आलं होतं, जिच्यामुळं हे झालं त्याच जिभेवर.

"तुम्हाला काय सांगायचंय?" साहेबांनी विचारलं. "माझ्या टेबलावर हे सगळं तुम्ही फेकलंत?"

"तुमच्यावर न्हाई टाकलं साहेब. त्या साक्षीदारावर टाकला भंडारा. वाऱ्यानं तुमच्याकडं आला."

"कोर्टात कुणाच्याही अंगावर काही फेकायचं नसतं. तुम्ही देवळात जाता ना? तिथं असंच वागता?"

"भंडारा तर देवळात उधळत्यातच साहेब. त्येला कुनी कुनाला इचारत न्हाई." वकीलसाहेबांनी डोळे मिटले. तात्यांचं अजून संपलं नव्हतं. "पर गाभाऱ्यात इचारल्याबिगर पाय ठेवत न्हाई. तिथं गुरवाची आज्ञा लागती."

तात्यांनी मागं वळून त्या लाकडी कठड्याकडं बघितलं, आणि मग पुन्हा साहेबांकडं.

"हितला गाभारा कुटं सुरू व्हतो त्ये मला कळलं न्हाई. त्यो कठडा वलांडून इचारल्याबिगर आत आलो, ही माजी चूक. आन असलं कोर्ट काय कामाचं म्हनलो. त्येबी रागात तोंडातनं गेलं. मानसं लांबलांबनं हितं येत्यात, म्हंजे कोर्ट कामाचंच आसंल. ह्या दोनीची माफी करा साहेब." त्यांनी हात जोडले. माझा श्वास मोकळा होतोय तोवर ते पुढं म्हणाले, "भंडाऱ्याची मातर म्या मागनार न्हाई. त्यो देवाचा हाय."

वकीलसाहेबांचा हात पुन्हा डोक्याकडं गेला. मी बाकाची कड घट्ट धरली. साहेबांनी समोरचा कागद उचलला. त्या कागदाच्या घडीत भंडारा राहिला होता, तो त्यांनी बोटानं एका बाजूला सारला. मग कारकुनाला मजकूर सांगायला सुरुवात केली. मी प्रत्येक शब्द कानात साठवून घेत होतो. सदर इसमाचा कोर्टाचा अपमान करण्याचा हेतू दिसून येत नाही. विनापरवानगी पुढे आल्याबद्दल व अनुचित शब्दांबद्दल त्याने माफी मागितली आहे. माफीने कोर्टाचे समाधान झाले आहे. सबब त्यास सोडण्यात येते.

ते 'सबब' ऐकलं आणि मी बाकाची कड सोडली.

साहेब तात्यांना म्हणाले, "पुढच्या वेळी ती पिशवी हवालदाराकडं ठेवून आत यायचं. आणि एक लक्षात ठेवा. साक्षीदाराला स्वतःहून आपल्या रिवाजाची शपथ घ्यायची असली, तर कोर्ट तशी परवानगी देऊ शकतं. दुसऱ्यानं त्याच्यावर ती लादायची नाही."

"स्वतःहून?" तात्यांनी विचारलं.

"हो. स्वतःहून."

तात्यांनी मान डोलावली. आमचे वकीलसाहेबही काही कमी नव्हते. आप्पांची राहिलेली साक्ष सुरू होताच ते उठले. "साक्षीदाराची इच्छा असेल तर भंडारा उचलून शपथ घ्यायला आमची काही हरकत नाही."

साहेबांनी आप्पांकडं बघितलं. "तुमची तशी इच्छा आहे?"

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मला कोर्टाची शपथ पुरंशी हाय," ते म्हणाले. साहेबांनी तेवढं लिहून घेतलं आणि पुढचं विचारा म्हणाले. कायद्याच्या दृष्टीनं त्या वाक्याला काही किंमत नव्हती, असं वकीलसाहेबांनी मला नंतर समजावलं. पण मागच्या बाकावर आमच्या गावची माणसं बसलेली होती.

कोर्टातून बाहेर पडलो तेव्हा तात्या स्टँडवरच्या हॉटेलात पाण्यावर पाणी प्याले. मी भजी मागवली. सकाळपासून आम्ही काही खाल्लं नव्हतं. पहिलं भजं तोंडात घातलं आणि मला हसायला आलं.

"काय झालं रं?"

"वकीलसाहेब म्हनत हुते, तुमी साहेबांना हळद लावली."

तात्या आधी गंभीर राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, आणि मला त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं. "मानूस चांगला हाय पर त्यो," ते डोळे पुसत म्हणाले. "कोट खराब झाला बिचाऱ्याचा."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. कोर्टात काय झालं ते गावच्या लोकांनी आमच्याआधीच तिच्यापर्यंत पोचवलं होतं, तेही अर्धंच. तात्यांना धरून नेलं, एवढंच तिला कळलं होतं. तात्यांना अंगणात येताना बघून तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग काही न विचारता ती चूल पेटवायला गेली.

"अगं, भंडाऱ्याची माफी मागितली न्हाई म्या," तात्या बाहेरूनच ओरडले.

"मागून आला असता, तर जेवायला वाढलं नसतं," आतून आवाज आला.

त्यानंतर गावात आप्पांना अवघड गेलं. पारावर कुणी भांडत नसे त्यांच्याशी, पण बोलता बोलता एखादा सहज विचारायचा, "का रं आप्पा, उचलला का न्हाईस?" सोयऱ्यांकडंही ती गोष्ट गेली. पुढची तारीख यायच्या आतच त्यांच्या वकिलाकडून आमच्या वकीलसाहेबांना निरोप आला, की आपसात मिटवायचं असेल तर बसू. तात्या बसायला तयार झाले, पण या वेळी कागद कर, असं त्यांनीच मला सांगितलं. आप्पांनी आणि तात्यांनी कोर्टात येऊन त्याच साहेबांसमोर तडजोडीवर सही-अंगठा केला. तात्यांनी पिशवी आठवणीनं हवालदाराकडं दिली होती.

मी पुढं शिक्षक झालो, पोरांना शिकवलं, बदल्या झाल्या, नगर जिल्ह्याची बरीच गावं बघितली. पण माझ्या शिक्षणाचं पहिलं चीज कुठं झालं असं कुणी विचारलं, तर मी कर्जतचं कोर्ट सांगतो. तिथं मला खाली बसवलं होतं, हेही सांगतो.

तात्यांना कैद झाली नाही, दंड झाला नाही. विहिरीतला आमचा चार आणे हिस्सा कोर्टाच्या हुकूमनाम्यात शिक्क्यासकट लिहिला गेला, आणि दर चौथ्या दिवशी आमच्या रानात पाणी आलं.